शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि ओपिऑइड औषधे: घड्याळाने काय द्यावे, मागितल्यावर काय द्यावे

कणकवलीजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आईचे वय 66, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आणि पुढच्या महिन्यात उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे. आठ वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रामाडॉलची इंजेक्शने सुरू केली तेव्हा त्यांना तीन दिवस उलट्या, चक्कर आणि ग्लानी होती, पोटही फुगले होते. शिवाय वाडीतलाच एक गृहस्थ माडावरून पडल्यानंतर सुरू झालेल्या ‘स्ट्राँग’ गोळ्या दोन वर्षे उलटली तरी सोडू शकलेला नाही. अशा स्थितीत अफूच्या जातीची ही औषधे अजिबात न वापरता आईचा गुडघा बदलता येईल का, असे मुलाने विचारले आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली 27 वर्षे सावंतवाडीपासून राजापूरपर्यंतच्या लहानमोठ्या रुग्णालयांत भूल देत फिरतो, आणि हा प्रश्न मला आता आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. उत्तर आधीच सांगतो: अजिबात न वापरता कदाचित निभावेलही, पण तसा हट्ट धरू नये. ही औषधे बरीच कमी मात्र निश्चित करता येतात, आणि त्यासाठी फार महागड्या साधनांपेक्षा केसपेपरवर औषध कसे लिहिले जाते याकडे लक्ष देणे अधिक उपयोगी पडते.

मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडीन, पेंटाझोसिन, ट्रामाडॉल ही सगळी अफूच्या जातीची, म्हणजे ओपिऑइड औषधे होत. ती जखमेवर काम करत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जूमध्ये जिथे वेदनेची वर्दी पोचते तिथे ती वर्दी दाबतात. दुर्दैवाने त्याच जातीची कुलपे मेंदूतल्या उलटीच्या केंद्राजवळ, श्वासाच्या केंद्रात आणि आतड्यांतही असतात, त्यामुळे एक किल्ली चार दारे उघडते. तुमच्या आईच्या उलट्या, ग्लानी आणि फुगलेले पोट ही ‘ॲलर्जी’ नव्हती, तो त्या औषधाचा ठरलेला गुणधर्म होता. ट्रामाडॉलची आणखी एक गोष्ट अशी की, ते यकृतात रूपांतरित झाल्यावरच पुरेसे प्रभावी होते आणि हे रूपांतर करण्याची क्षमता माणसागणिक बदलते. एकाला ज्या मात्रेने झोप लागते तिने दुसऱ्याचे दुखणे हलतही नाही. फिट येण्याचा धोका त्याने वाढतो, नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकते, आणि मधुमेहाच्या रुग्णात, विशेषतः उलट्यांमुळे पोटात अन्न नसताना, त्याने साखर खाली गेल्याचेही आढळते. आठ वर्षांपूर्वीची ती ग्लानी केवळ औषधाची होती की साखरही उतरली होती, हे आता कळण्याचा मार्ग नाही, पण यावेळी ग्लानी आली तर आधी बोटातून रक्त घेऊन साखर पाहावी.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडच्या शस्त्रक्रियेनंतरच्या केसपेपरवर मी वर्षानुवर्षे एकच मांडणी पाहत आलो आहे: ट्रामाडॉलचे इंजेक्शन दिवसातून तीन वेळा, वेळापत्रकाने, आणि पॅरासिटामॉल एसओएस, म्हणजे रुग्णाने मागितले तर. ही मांडणी नेमकी उलटी आहे. ज्या औषधाचे दुष्परिणाम किरकोळ ते घड्याळाने द्यायला हवे आणि ज्याचे दुष्परिणाम मोठे ते मागितल्यावर, मोजून. पॅरासिटामॉल साधे औषध म्हणून हिणवले जाते, पण दर सहा तासांनी न चुकता दिलेले पॅरासिटामॉल आणि कळ उठल्यावर दिलेले पॅरासिटामॉल यांत मोठा फरक असतो. प्रौढ माणसाला एका वेळी 1 ग्रॅम आणि दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम हा सर्वसाधारण हिशेब. मात्र आपल्याकडच्या कित्येक वृद्ध स्त्रियांचे वजन 45 किलोच्या आसपास असते, त्यांना किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 650 मिलिग्रॅमची एक गोळी पुरे. सर्वांना सरसकट 1 ग्रॅमची बाटली लावणे हा आळस आहे, आणि तो मीही केलेला आहे.

मागितल्यावर देण्यात आपल्या भागापुरती एक अडचण आहे, ती म्हणजे आमची माणसे मागतच नाहीत. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका आजींच्या खाटेपाशी उभा होतो. दुखते का, असे विचारल्यावर उत्तर आले, “काय नाय वो, बरा आसा.” चेहरा शांत होता, नाडी 104 होती. मी त्यांना खोकून दाखवायला सांगितले. त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरले, ओठ मिटले आणि नाकातून इतका हलका सुस्कारा टाकला की त्याला खोकला म्हणता आले नसते. दोन दिवस त्या अशाच वरवरचा श्वास घेत पडून होत्या, आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी कफ साचू लागला होता. शून्य ते दहामध्ये दुखणे किती, हा पुस्तकातला प्रश्न त्यांना विचारण्यात काही अर्थ नव्हता. तेव्हापासून मी आकडा विचारत नाही. खोकता येते का, कुशीवर वळता येते का, दारापर्यंत चालता येते का, हे पाहतो. गुडघ्याच्या बाबतीत पाय सरळ करून टाच गादीवरून उचलता येते का, हे पाहावे. कामापुरते दुखणे आटोक्यात आले असेल तर आणखी ओपिऑइड देण्याचे कारण नाही, आणि आले नसेल तर ‘सोसतंय’ या शब्दावर विसंबून ते नाकारण्याचेही कारण नाही.

तुमच्या आईसाठी मी काय केले असते ते क्रमाने सांगतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया कमरेत सुई देऊन, म्हणजे स्पायनल भुलेखाली उत्तम होते. जड ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे सुमारे 3 मिलिलिटर पाठीच्या मणक्यांमधल्या पाण्यात गेले की, अडीच-तीन तास कमरेखालचा भाग पूर्ण बधिर राहतो. त्यातच 100 मायक्रोग्रॅम मॉर्फिन मिसळल्यास दुखणे जवळजवळ एक दिवस शांत राहते. इतकी सूक्ष्म मात्रा म्हणजे ओपिऑइड कमी करण्याचाच एक प्रकार, असे त्याचे समर्थक म्हणतात आणि ते खोटे नाही. पण हे मॉर्फिन मज्जारज्जूच्या पाण्यातून हळूहळू वर चढते आणि कित्येक तासांनी श्वास मंदावू शकते. ज्या वॉर्डात रात्री वीस रुग्णांमागे एक सिस्टर असते तिथे मी ते वापरत नाही.

त्याऐवजी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे दुखऱ्या भागाच्या नसेभोवती औषध सोडून ती बधिर करणे. गुडघ्यासाठी मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला, ॲडक्टर कॅनाल नावाचा स्नायूंमधला बोगदा असतो, त्यात हा ब्लॉक देतात. सोनोग्राफी मशीनच्या पडद्यावर मांडीची मोठी धमनी काळ्या गोल ठिपक्यासारखी धडधडताना दिसते, तिच्यावर सार्टोरियस स्नायूचे होडीच्या आकाराचे छप्पर असते, आणि सुईचे टोक पांढऱ्या रेघेसारखे पुढे सरकत धमनीच्या कडेला पोचते. औषध सोडले की तिथे काळे तळे पसरते. ते तळे योग्य पापुद्र्याखाली पसरले तर ब्लॉक लागतो, स्नायूच्या आत गेले तर नाही. सगळी कला एवढ्यातच आहे. पूर्वी आम्ही जांघेत फिमोरल ब्लॉक द्यायचो. दुखणे त्यानेही थांबायचे, पण मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडायचा आणि बाथरूमला जायला उठलेला रुग्ण कोसळायचा. ॲडक्टर कॅनालच्या ब्लॉकमध्ये मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते, म्हणून रुग्णाला त्याच संध्याकाळी वॉकर देऊन उभे करता येते. तरीही पहिल्यांदा उठताना कोणीतरी धरायला हवेच.

हा ब्लॉक गुडघ्याच्या पुढच्या भागाचे दुखणे काढतो, मागचे नाही. मागच्या भागासाठी शस्त्रक्रियेच्या शेवटी सर्जन स्वतःच सांध्याभोवती बधिर करणारे औषध टोचतात. इथे दोघांनी मिळून हिशेब करावा लागतो, कारण औषध एकच आणि त्याची कमाल मात्राही एकच. रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम धरली तर 50 किलोच्या स्त्रीला एकूण 150 मिलिग्रॅम चालते. ब्लॉकमध्ये 0.2 टक्क्याचे 20 मिलिलिटर दिले तर त्यातले 40 मिलिग्रॅम संपले, सर्जनच्या वाट्याला 110 उरले. हा हिशेब न बोलता झाला तर औषध रक्तात वाढून आधी तोंडाभोवती मुंग्या आणि कानात आवाज, मग फिट आणि पुढे हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्यावर उतारा म्हणून 20 टक्क्यांचे लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचे चरबीचे दुधाळ औषध, थिएटरमध्ये हाताशी असावे लागते. ब्लॉक देणाऱ्या डॉक्टरांना ‘इथे लिपिड आहे ना?’ असे विचारायला संकोच करू नये. ज्यांच्याकडे ते असते त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

सकाळी दहाला दिलेला ब्लॉक साधारण 12 ते 18 तास टिकतो. म्हणजे तो ओसरतो मध्यरात्री किंवा पहाटे, जेव्हा नातेवाईक बाकावर झोपलेले असतात आणि सिस्टर प्रसूतीच्या रुग्णाकडे धावलेली असते. दुखणे तेव्हा हळूहळू येत नाही, भरतीसारखे एकदम येते, आणि ‘ब्लॉक चांगला नव्हता’ असा शेरा मिळून पहाटे तीनला ट्रामाडॉल आणि फोर्टविन (म्हणजे पेंटाझोसिन) दोन्ही टोचले जातात. हे टाळण्याचा उपाय साधा आहे: पाय अजून बधिर असतानाच, रात्री दहाची पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी गोळी द्यायची. आत्ता कुठे दुखतेय, कशाला गोळी, असे तुमच्या आई नक्की म्हणतील. तरी द्यायची.

सूज उतरवणाऱ्या औषधांचा, म्हणजे डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक, सेलेकॉक्सिब यांचा विषय मात्र जपून हाताळायला हवा. गुडघ्याच्या दुखण्यात ओपिऑइडची गरज कमी करण्यात यांचा वाटा मोठा आहे. पण तुमच्या आईला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल, तिच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल, तर त्यावर डायक्लोफेनॅक म्हणजे मूत्रपिंडावर तिसरा घाव. उपाशीपोटी आलेला, पाणी कमी प्यायलेला रुग्ण असेल तर आणखीच. एटोरिकॉक्सिब रक्तदाब वाढवते, तेही रक्तदाब आटोक्यात नसताना नको. म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसे चालते हे सांगणारा रक्तातला आकडा, पाहायचे. ते ठीक असेल तर कमी मात्रेत, तीन ते पाच दिवस, जेवणानंतर आणि पोटाच्या संरक्षणाची गोळी जोडून. ते वाढलेले असेल तर हा गट पूर्ण वगळायचा, भले त्यामुळे ट्रामाडॉलच्या दोन मात्रा जास्त लागोत. पावसाळ्यात आमच्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. भाताच्या लावणीनंतर तापाने अंग मोडून आलेला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊन गेलेला किंवा होत असलेला माणूस हाड मोडले म्हणून टेबलावर येतो. त्याचे मूत्रपिंड आधीच दुखावलेले असू शकते, आणि ‘ओपिऑइड नको’ या उत्साहात त्याला डायक्लोफेनॅक टोचणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे एक इंजेक्शन उलट्या आणि दुखणे दोन्ही कमी करते. मधुमेहात साखर एक-दोन दिवस चढते, ती मोजत राहिल्यास बहुधा निभावते. केटामाइन या भुलेच्या औषधाची अगदी कमी मात्रा मोठ्या शस्त्रक्रियेत आणि आधीपासून ओपिऑइड घेत असलेल्या रुग्णात उपयोगी पडते. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधे काही वर्षे सरसकट दिली जात होती. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये त्यांच्यामुळे श्वास मंदावण्याचा इशारा दिला, आणि वृद्धांना त्यांनी चक्कर येते हे आम्ही रोज पाहतोच. तुमच्या आईला मी ती देणार नाही. बर्फाची पिशवी जरूर द्यावी, तीही घड्याळ लावून.

ही निरनिराळ्या वाटांनी थोडे थोडे दुखणे काढण्याची पद्धत नवी नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात ती मांडली, आणि आज ‘ईरास’ या नावाने शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर उभा करण्याची जी शिस्त शिकवली जाते ती त्यातूनच आली. जगाचे लक्ष तिच्याकडे पुन्हा वळले ते अमेरिकेतल्या अनर्थामुळे. तिथे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी कधीही ओपिऑइड न घेतलेल्यांपैकी सुमारे 6 टक्के लोक शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही ती औषधे घेत असल्याचे दिसले, आणि शस्त्रक्रिया लहान की मोठी याने या आकड्यात फारसा फरक पडला नव्हता. दुखणे संपले होते, गोळी संपली नव्हती. आपल्या देशाचे चित्र दुहेरी आहे: अखेरच्या अवस्थेतल्या कर्करुग्णाला मॉर्फिन मिळवण्यासाठी वणवण करावी लागते, आणि ट्रामाडॉल मात्र कित्येक वर्षे साध्या चिठ्ठीवर, कधी चिठ्ठीविनाही मिळत होते. एप्रिल 2018 मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, त्यानंतर दुकानदार थोडे सावध झाले.

‘ओपिऑइडमुक्त भूल’ अशी पाटी अलीकडे काही ठिकाणी मिरवली जाते, तिच्याबद्दल मला शंका आहे. फ्रान्समध्ये भुलेत ओपिऑइडऐवजी डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध वापरून तुलना करणारा एक अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावल्याची उदाहरणे घडल्यामुळे अभ्यास मध्येच थांबवावा लागला. एक औषध काढून त्या जागी चार नवी औषधे घालणे म्हणजे रुग्णाचा धोका कमी करणे नव्हे. केसपेपरवर शून्य लिहिता यावे म्हणून कळवळणाऱ्या माणसाला तसेच ठेवणारा डॉक्टर मला अधिक घातक वाटतो.

म्हणून ट्रामाडॉल किंवा फेंटानिल शेवटच्या फळीत ठेवावे: कमी मात्रेत, उलटीविरोधी औषधासह, आणि दिल्यानंतर अर्धा तास कोणीतरी श्वास मोजावा. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असताना बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा 98 दाखवत राहतो आणि श्वास मिनिटाला सातवर आलेला असतो; आकडा फसवतो, छाती फसवत नाही. रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा लगेच मिटू लागला तर श्वास मंदावण्याच्या आधीची ती सूचना असते. अशा वेळी पुढची मात्रा थांबवायची आणि डॉक्टरांना उठवायचे. जे घोरतात, ज्यांना झोपेची गोळी चालू आहे, त्यांच्याबाबतीत हे दुप्पट लागू. नातेवाइकांना श्वास मोजायला मी स्वतः शिकवतो. पाच मिनिटांत जमते, आणि पावसात वीज गेली तरी चालते.

घरी जाताना चिठ्ठीवर ट्रामाडॉलची पूर्ण पट्टी लिहून घेऊ नये. फिजिओथेरपीच्या आधी आणि रात्री, अशा मोजक्या आठ-दहा गोळ्या पुरतात, आणि कोणत्या तारखेनंतर घ्यायची नाही ती तारीख चिठ्ठीवरच लिहून मागावी. बाजारात ट्रामाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी मिळते. ती आणि वेगळी पॅरासिटामॉल दोन्ही चालू असतील तर पॅरासिटामॉलची बेरीज करून पाहावी. उरलेल्या गोळ्या कपाटात जपून ठेवू नयेत. चहाच्या चोथ्यात कालवून टाकून द्याव्यात. तुमच्या वाडीतल्या त्या गृहस्थांची गोष्टही बहुधा अशीच झाली असणार: थांबण्याची तारीख कोणी सांगितली नाही, आणि गोळी चुकली की घाम, अस्वस्थता, पोटात मुरडा सुरू झाल्यामुळे दुखणेच परतले असे वाटले. त्यांना एकदम बंद करायला मात्र सांगू नका. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवत नेणारा डॉक्टर गाठून द्या. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे काम होते, आणि तिथे जाण्यात लाजण्यासारखे काही नाही.

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी भूलतज्ज्ञांना भेटा. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, मलमांसकट एका पिशवीत घालून घेऊन जा. गुडघेदुखीवर कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या असतील तर त्या आधी दाखवा, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड निघते. आठ वर्षांपूर्वीचा डिस्चार्ज कागद सापडला तर तोही घ्या. आणि आईला पूर्वी विंचू चावला असेल, विशेषतः एकापेक्षा जास्त वेळा, तर ते आवर्जून सांगा. वारंवार विंचूदंश झालेल्या काही रुग्णांत स्पायनल किंवा ब्लॉक नीट लागत नाही, अशा नोंदी आपल्याच राज्यातल्या भूलतज्ज्ञांनी केल्या आहेत. पुरावा अजून तोकडा आहे, पण लाल विंचवाच्या मुलखात राहून तो प्रश्न न विचारणे मला परवडत नाही. उत्तर ‘हो, तीन वेळा’ असे आले की मी ब्लॉक देतोच, फक्त सर्जनने हात धुण्याआधी गुडघ्यावर बर्फ ठेवून थंड लागते का ते नेहमीपेक्षा दोनदा जास्त तपासतो, आणि पूर्ण भुलेची तयारी बाजूला मांडून ठेवतो.